पाटलाची शीर माझ्या हातात

पुणे, मार्च १९५६

चि. यमाजी,
अक्काचा आशीर्वाद घे. मी बरी हाये. तुझा खोकला गेला का?

आपला पाटील इथं बाजाराला आला अन् मोटारीखाली सापडला. आईला साप डसला तवा जुन्नरला न्यायला यानंच गाडी दिली न्हाई. ती वाटंतच गेली.

काल त्याला आमच्या दवाखान्यात आणलं. एक डॉक्टर भूल देत व्हते, दुसरे टाके घालत व्हते. मांडीची तुटलेली शीर मी दाबून धरली व्हती.
"सुंदराबाई, हात हलवू नका."
हलवावा असं लई वाटलं. पण सगळ्यांची मेहनत माझ्या हाताखाली व्हती. न्हाई हलवला.

तो शुद्धीवर आल्यावर म्हटलं, "मी तुकाबाईची लेक." त्यानं तोंड फिरवलं.

तुकाबाईच्या लेकीनं पाटील वाचवला, हे गावात घरोघर सांग. पहिलं त्याच्याच घरी सांग.

तुझी अक्का,
सुंदरा