जावळाच्या पंगतीत मोर्चा

आबा, परवाच्या रविवारी मी एका इन्स्पेक्टरच्या घरी मोर्चा घेऊन गेले आणि मटण जेवून आले. हसू नका. हवालदाराची लेक कामगार संघटनेत शिरली म्हणून तुम्ही होता तोवर पोटभर हसलात, तेवढं पुरे. झालं असं, की शिरोलीच्या एका फौंड्रीच्या गेटवर आमचं आंदोलन होतं, तिथं या साहेबांच्या काठीनं ओतकामाचे साचे भरणाऱ्या आमच्या एका मोल्डरचा उजवा हात मोडला. तक्रार द्यायला तीनदा ठाण्यात गेलो आणि तीनदा "साहेब न्हाईत, उद्या या" ऐकून परत आलो. मग आमची मंडळी म्हणाली, आता घरीच जायचं, दारात घोषणा द्यायच्या, गल्लीला कळू दे. मी नको म्हणत होते. तुमचंच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकलं, वर्दी खुंटीला असताना माणसाला छेडू नये. मोल्डर शांतपणे म्हणाला, "ताई, माझा हात खुंटीला लावून मला घरी जाता येतंय व्हय?" मी फलक उचलला. निघाले.

जाऊन बघतो तर दारात मांडव. साहेबांच्या नातवाचं जावळ! आम्ही घसा खाकरतोय तोवर त्यांची म्हातारी आई पुढं आली. "या पावणं, उशीर केलासा. चपला हिकडं काढा, पंगत बसलीया." आम्ही साहेबांच्या सुनेच्या माहेरचे, असं तिनं परस्पर ठरवूनच टाकलं. आबा, जावळाच्या मटणाला नको म्हणणारा कार्यकर्ता कोल्हापुरात अजून जन्मायचाय. आमचा फलक चपलांशेजारी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि आम्ही नऊजण पंगतीत. यांचं मीठ पोटात गेलं की घोषणा तोंडातून निघायची नाही, हे मला कळत होतं. तरी बसले. रस्सा झकास होता.

तेवढ्यात वाढायला खुद्द साहेबच आले. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात तांबड्या रश्श्याची बादली. डाव्या हातानं जेवणारा मोल्डर, त्याचं प्लास्टर, मग मी, असं त्यांनी ओळीनं पाहिलं आणि वाढायचं वगराळं हवेतच राहिलं. मोल्डर म्हणाला, "वाढा की साहेब. हात तुम्ही मोडलाय, तर वाढायलाबी तुम्हीच पायजे." आवाज अजिबात चढवला नाही त्यानं, पण अख्खी पंगत वळून बघायला लागली. साहेब खाली बघत म्हणाले, "उद्या अकराला ठाण्यात या. मी हाय." म्हातारी जागची हलली नाही. "मी ठाण्याचं इचारत न्हाय. पावण्याचा हात तू मोडलास? व्हय का न्हाय, तेवढं सांग." साहेब म्हणाले, "व्हय." सोमवारी त्यांनी तक्रार घेतली. आमच्यात मात्र अजून भांडण चाललंय, आपण मोर्चा काढला की जेवून आलो.

माझ्या डोक्यातून ती म्हातारी जाईना. मी सातवीत असताना शिवाजी पेठेतल्या आपल्या दारात अशीच माणसं आली होती. कोठडीत मार खाल्लेल्या कुणाचे तरी भाऊ होते. तुम्ही मेथी निवडत बसला आहात, ते तुमच्या नावानं ओरडताहेत, आई चुलीपाशी थिजली आहे. तुम्ही उठून म्हणालात, "इचारायचं ते ठाण्यात येऊन इचारा. हितं माझी पोरगी अभ्यास करतीया." आणि दार लावून घेतलंत. मला त्या माणसांचा फार राग आला होता, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. त्यांचं खरं असावं, असंच मला तेव्हा वाटलं होतं. पण ठाण्यात येऊन विचारायचं माझं वय नव्हतं, आणि घरात तुम्ही माझे आबा होता, माझ्या वेणीला रिबन बांधून देणारे. पुढं मी मोठी झाले, मोठमोठ्या साहेबांना भर रस्त्यात जाब विचारला. तुम्हाला नाही विचारलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे एक बरं आहे. कारण तुम्ही असता तरी मी ते तुमच्या हातात दिलं नसतं. तुम्ही "व्हय" म्हणाला असता तर पुढं काय करायचं, ते मला अजून ठाऊक नाही.