दारातला चीड

२० नोव्हेंबर २०२४

कितीतरी वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवली — बंब पेटवून मी अंगण झाडत होते. हे रात्रपाळी करून चाकणहून आले, डबा ओट्यावर ठेवला आणि रुमालाची गाठ सोडली. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या झाडाच्या, बिया! कंपनीतल्या गढवाली मित्राने गावाहून आणलेल्या, एकाच फळातल्या. दोन रुजल्या. एक रोप इथे पुनावळ्यात, दारात. दुसरं ह्यांनी कंपनीच्या गेटपाशी लावलं.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. दारातला चीड वाळतोय. आज कुलदीप म्हणाला, "आई, झाड रोगट हाय. आठ डिसेंबरला तोडायला माणूस सांगितलाय. गाडी तरी लागंल तिथं."

पोटचा पोरगा.

२४ नोव्हेंबर

भाची पूनम आली. कॉलेजात बुरशांचा अभ्यास करते. चिडाची सुईसारखी पानं तोडून नेली. म्हणे, "मावशी, सुईच्या आतसुद्धा बुरशी राहते. धडधाकट झाडातही."

आत! ह्यांचं दुखणंही आतच होतं, उशिरा कळलं.

कंपनीतल्या झाडाच्या सुयाही ती आणणार. भावंडंच ना ती. म्हणाली, "दारात कोण येतं ते हवा ठरवते. आत कोणाला घ्यायचं, त्यात झाडाच्या रक्ताचाही हात असतो." वाक्य आवडलं, म्हणून लिहून ठेवते.

२५ नोव्हेंबर

फवारलं. कंबर गेली.

७ डिसेंबर

पूनम काचेच्या बशा घेऊन आली. चाकणच्या सुयांतून काळ्या, पांढऱ्या, गुलाबी बुरशा उगवल्यात. तिथे ट्रकांचा धूर, धूळ — तरी झाड हिरवंगार. आपल्या बशा कोऱ्या!

"जन्म एक, हवा वेगळी, हे कबूल. पण इतकं रिकामं? खरं सांग मावशी, काय मारतेस ह्याच्यावर?"

मोरचूद आणि चुना. माहेरी द्राक्षांवर मारायचो तसा. सुईवर पहिला डाग दिसला तेव्हापासून, दर आठवड्याला, दोन वर्षं. रोग आत शिरू नये म्हणून.

"अगं, आतल्या त्या रोग नव्हेत, भाडेकरू होत्या! त्या तर गेल्याच, वर मोरचुदाने सुया करपल्या. डाग परवडला असता."

मग म्हणाली, "थांबवलंस तर फुटेल कदाचित."

उद्या करवतवाला येणार. कुलदीपला काय सांगू? बापाचं झाड आईने जाळलं?

९ डिसेंबर

काल करवतवाल्याला चहा दिला. त्याच्यासमोरच कुलदीपला सांगितलं — झाड रोगट नाही, मीच जाळलं. फवारणीचा पंप करवतवाल्याला देऊन टाकला आणि त्याला परत पाठवलं.