थोरलीच्या मागे स्विच कोणी पाहायचा

मी, खाली सही करणारी, तिघा भावंडांतली थोरली, बेकरी चालवणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. उद्या माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे, तसे डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले आहे. मधल्या भावाला शंका असेल, पण त्याने आजवर कोणाला तोंडावर "नाही" म्हटलेले नाही, तेव्हा तो हरकत घेणार नाही.

१. राहत्या घरातील माझा हिस्सा मधल्याला द्यावा. लहानपणी मी आणि धाकटा भांडलो की हा दोघांनाही "तुझंच बरोबर आहे" म्हणायचा. गिऱ्हाइकांनाही तेच म्हणतो, म्हणून माणसे जोडली गेली. म्हणूनच एकाच दिवसाचा माल तो तिघांना कबूल करून बसतो आणि निस्तरते मी.

२. माझी सायकल, रेडिओ आणि चांगला कोट धाकट्याच्या बायकोला. धाकट्याला देऊ नये. तो वस्तू वापरून तिथेच टाकतो. उचलायला मागे कोणीतरी आहे, अशी शेंडेफळाची जन्मापासूनची खात्री.

३. बेकरी धाकट्याला, पण एका अटीवर. पीठ मळायचे यंत्र खाली आहे, त्याचा मेन स्विच वर माळ्यावर, माझ्या टेबलाशेजारी. पात्यांत अडकलेले पीठ काढायला धाकटा खांद्यापर्यंत हात आत घालतो. त्याआधी ओरडतो, "ताई, बंद?" मी स्विच पाहते आणि सांगते, "बंद." त्याने स्वतः कधी पाहिलेला नाही. आईने मला एवढेच सांगितले होते, की धाकट्यावर लक्ष ठेव. कधीपर्यंत, ते सांगायचे राहून गेले.

गेल्या महिन्यात मी तपासणीहून परतले, तर माझ्या खुर्चीत मधला. खालून हाक आली. याने मान वर न करता म्हटले, "हो रे, बंद." स्विच चालू होता. मी झडप घालून तो बंद केला. खाली यंत्राच्या बटणाला धाकट्याचा नुसता कोपर लागला असता तरी पाती फिरली असती. मधला म्हणतो, "अगं, तो विचारत होता. नाही कसं म्हणू?" मला भीती वाटते. माझ्यामागे एक न पाहता विचारणारा आणि एक न पाहता हो म्हणणारा, असे दोघेच उरतील.

म्हणून अट अशी, की धाकट्याने स्वतः वर येऊन स्विच बंद करावा, कुलूप लावावे, किल्ली खिशात ठेवावी. त्याच्या हाकेला कोणीही उत्तर देऊ नये.

इथवर लिहून साक्षीदारांना बोलावले, तोच खालून हाक आली. स्विच मी आधीच बंद केला होता. मधल्याचा दंड दाबून मी गप्प बसले. पुन्हा हाक आली. तो वर येईल म्हणून आम्ही जिन्याकडे पाहत राहिलो. कोणी येईना. मी कठड्यावरून वाकून पाहिले. त्याचा हात खांद्यापर्यंत आत होता. हात आत घालूनच तो विचारत होता.

"असं कधीपासून करतोस?" मी ओरडले.

"नेहमीच. तू असतेस ना."

सबब कलम तीन मी खोडत आहे. बेकरी दोघांना निम्मी निम्मी. यंत्र आज संध्याकाळच्या आत भंगारवाल्याने न्यावे, यापुढे पीठ हाताने मळावे. मधला कुजबुजला, "परवाची मोठी ऑर्डर घेतलीय गं." मी म्हटले, नाही म्हणून कळव. फोन हातात घेऊन तो अजून उभा आहे. त्याने नंबर फिरवल्याशिवाय मी सही करणार नाही.

त्याने फिरवला.

सही: थोरली
साक्षीदार: शेजारचे चष्मेवाले, समोरच्या शिंपीणबाई
ठिकाण: बेकरीचा माळा
दिनांक: आजचा, यंत्र गाडीत चढले तो