शेवटच्या ओळीकडून वर

३ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. गुडघे कुरकुरतात; मी दाद देत नाही. तू औषधांच्या माहितीपत्रकांची तपासनीस झालीस हे वाचलं आणि छापखान्यातली माझी खिडकीजवळची जागा आठवली. चुका शोधायला मी छपाईआधीची मुद्रितं शेवटच्या ओळीकडून वर वाचायचो. अर्थाच्या नादी लागला की डोळा चुका गिळतो. माझं पाहून तू शाळेतल्या कविता खालून वर म्हणायचीस आणि बाई तुला बाकावर उभं करायच्या! चुका शोधणारं यंत्र आधी वाचतं, मग तू, असं लिहितेस. वाचू दे बापडं. पण रोजची पहिली दोन पत्रकं यंत्र सुरू न करता वाचशील, एवढा शब्द दे. म्हाताऱ्याचा हट्ट समज.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मामा

१९ जून

ती. मामांना,
सा. न. शब्द पंधरा दिवस पाळला. मग वाटलं, यंत्र हिरवी खूण करतंच, तर आपण डोळे कशाला फोडा? वाचायला तास लागतो, सहीला क्षण. रोज ठरवायचे, उद्यापासून नक्की.
सोमवारी लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं पत्रक बाहेर गेलं. अर्धा चमचा हवा तिथे दशांशचिन्ह गळून पाच चमचे झाले होते. एका औषधविक्रेत्याच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. वर यंत्राची हिरवी खूण, खाली माझी सही. खूप रडले, मामा. आणि त्याच दुपारी पुढच्या अकरा पत्रकांवर न वाचता सह्या केल्या. हात आवरलाच नाही. तुम्ही रागवा, म्हणजे उद्या तरी वाचेन.
तुमची चिमणी

२५ जून

चि. चिमणीस,
आशीर्वाद. रागावणार नाही. माझ्या धाकाने वाचणार असशील, तर मी गेल्यावर काय? काल कवितांचं जुनं पुस्तक उघडलं, पण एकही ओळ मनाला लागेना. डोळ्यांपुढे ते पाच चमचे. पोरी, राजीनामा दे.
मामा

२ जुलै

ती. मामांना,
सा. न. राजीनामा घेऊन साहेबांकडे गेले. अकरा पत्रकांसकट सगळं सांगितलं. वाटलं, हाकलतील. ते म्हणाले, ती तर छापूनही गेली. आणि बाई, तुम्हाला वाचायला सांगितलं कुणी? नियमाला खाली माणसाची सही लागते, ती तुम्ही वेळेवर करता. कागद त्यांनी परत दिला.
मी भांडायला हवं होतं. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली, जागेवर आले, यंत्र सुरू केलं. आणि मामा, मला हायसं वाटलं.
लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही.
चिमणी