शेवटचा गोळा

३ मार्च
चि. ठमाबाईस दादाचे अ. आ.
वि. वि. आपल्या लाईनचा निकाल लागला. एकतीस तारखेला शेवटची गाडी. आजोबांनी रूळ टाकले, आबांनी दिवसाला चौदा गाड्या सोडल्या. तीन तासांच्या प्रवासालाही माणसं नटूनथटून यायची. माझ्या वाट्याला आठवड्याची एक आली, आता तीही नकोशी झाली. आणि ती आणणार कोण, तर तुझेच यजमान! पण मीही स्टेशनमास्तर आहे. मी हातात परवान्याचा लोखंडी गोळा दिल्याशिवाय ड्रायव्हरला पुढे जाता येत नाही, आणि तो पुढच्या स्टेशनच्या यंत्रात पडेपर्यंत गाडी वाटेतच आहे असं नियमाने धरतात. मी गोळा देणारच नाही. बघू कशी बंद करतात! मेहुण्यांना बोलू नकोस.
आहेस तशीच माया ठेव.
दादा

९ मार्च
ती. दादास सा. न. वि. वि.
तुझं डोकं ठिकाणावर आहे का? एकतीस वर्षांत तुझ्यावर एक ठपका नाही, आणि निवृत्तीच्या तोंडावर बडतर्फ होणार? गाडीतल्या माणसांनी तुझं काय घोडं मारलंय? ह्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे, लग्नालासुद्धा घड्याळ बघत आले होते. गोळ्याशिवाय एक चाक हलवायचे नाहीत, वर तुझी तक्रारही स्वतःच लिहितील. तुझा तो गोळा इथे माझ्या पोटात आलाय. उलट टपाली कळव.
रागावलेय, तरी तुझीच,
ठमा

२ एप्रिल
चि. ठमाबाईस अ. आ.
दिला गं बाई. मेहुण्यांनी इंजिनातून नेहमीसारखा हात काढला आणि माझा हात आपोआप वर गेला. ऐनवेळी शेपूट घातलं मी. पण पंचाईत पुढेच आहे. पुढच्या स्टेशनात गाडी पोचली, गोळा पोचलाच नाही! रागाच्या भरात मी चारचौघांत बोलून बसलो होतो, त्यामुळे मेहुण्यांसारख्या काटेकोर माणसाला सोडून मीच तो दडवला असा साहेबांना संशय. सात तारखेला चौकशी. मेहुण्यांना विचार गं. जाता जाता कपाळी चोराचा शिक्का नको.
तुझ्या पत्राकडे डोळे लावलेला,
दादा

४ एप्रिल
ती. दादास सा. न. वि. वि.
विचारलं. ह्यांनी जेवणाचा डबा पुढे सरकवला. आत गोळा! तुझं पहिलं पत्र ह्यांनी तेव्हाच वाचलं होतं म्हणे. म्हणाले, दादाला नियम पाठ आहेत, पण वापरता येत नाहीत. आत्ताच गोळा आणि लेखी कबुली घेऊन साहेबांकडे गेलेत. तू सुटलास. ह्यांचं काय होतंय कुणास ठाऊक, माझा जीव थाऱ्यावर नाही. दारातून वळून एवढंच म्हणाले, दादाला कळव, नियमाने गाडी आजपर्यंत वाटेतच होती, लाईन चार दिवस जास्त चालली.
दोन खुळ्यांच्या मध्ये सापडलेली,
ठमा