आजीच्या मरणाचा निबंध

ड्रमशानबो, लिट्रिम
रविवार, २६ मे

प्रिय नुआला हिस अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळी खुशाल असाल. इकडे माझा गुडघा सोडला तर बाकी बरं चाललंय. पावसाने आठवडाभर ठाण मांडलंय. परसातला रूबार्ब असा माजलाय की शेजारणी माझ्या दारावरून जाणं टाळतात, न जाणो आणखी एक जुडी गळ्यात पडायची.

फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्येच "डीलिया, क्लास आहे, ठेवते" म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही. फार तर फाडशील.

शेजारची मजेला तुला आठवत असेल. गावातल्या मुलींच्या कॅमोगी खेळाच्या संघाच्या जर्सी धुते ती. तिची थोरली, डर्व्हला, यंदा शाळेची शेवटची परीक्षा देतेय. इस्टरनंतर मजेला कुंपणापाशी येऊन म्हणाली, "डीलियाताई, पोरीच्या निबंधाकडे जरा बघाल का? तिला मास्तरीण व्हायचंय, लिमरिकच्या कॉलेजात जायचंय, आणि सगळं घोडं या इंग्रजीत अडलंय."

मी म्हटलं, "बाई गं, मी चौदाव्या वर्षी शाळा सोडून कापडदुकानात उभी राहिले. मला जे येतं ते फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून आलंय, आणि त्यातली निम्मी पुस्तकं शेवटचं पान फाटलेली असायची."

"चालतंय," ती म्हणाली, "शेवट तिचा ती करेल."

पोर गुणी आहे. येताना बूट दाराशी काढते, न सांगता किटली ठेवते. पहिल्या दिवशी मी तिला विषय दिला, 'प्रवासात झालेली फजिती'. झरझर लिहून दिलंन. पहिल्या परिच्छेदात बस चुकली. दुसऱ्यात आजी मेली. म्हटलं असेल, कुणाच्या घरी काय झालंय आपल्याला काय ठाऊक. दुसऱ्या दिवशी विषय दिला, 'माझं गाव बदलतंय'. पोस्ट बंद झालं, बेकरी बंद झाली, आणि आजी मेली.

मी म्हटलं, "डर्व्हला, तुझी आजी तर गुरुवारी बिंगोला माझ्या शेजारी बसली होती. दोन डाव जिंकली मेली."

"ती नाही हो मावशी. ही निबंधातली."

"म्हणजे कोणाची?"

"कोणाचीच नाही. पाठ केलेली आहे. विषय कुठलाही येवो, पहिला परिच्छेद वळवून घ्यायचा आणि तिला आत आणायचं. मरण असलं की मार्क पडतात."

म्हटलं, बरं, म्हणून तरी दाखव. ती चुलीशी उभी राहिली, हात मागे बांधले, आणि लहान मुलं प्रार्थना म्हणतात तशा सुरात सुरू झाली. आजीची बोटं चादरीची कड चिमटीत धरून मुरडत होती, सफरचंदाच्या टार्टची कड मुरडावी तशी. ओव्हनमध्ये घालायला कोणी नेईना म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

मी किटली खाली ठेवली, नुआला. ती चिमटी आपल्या आईची. आणि ती तू पाहिलेली नाहीस. मी फोनवर तुला सांगितली होती, आई गेली त्या इस्टरच्या आठवड्यात. रोज संध्याकाळी सांगत होते. तुझे गॉलवेला हॉटेलात परीक्षेच्या तयारीचे वर्ग चालू होते. मी तेव्हा काही म्हटलं नाही. आताही म्हणत नाही.

पोरीला विचारलं, कुठून आणलंस हे? तर म्हणे, "हॅनलीबाईंच्या गॉलवेतल्या सुट्टीच्या शिकवणीत देतात. सगळ्यांना एकच छापील कागद मिळतो. फक्त आपापलं माणूस घालायचं. कोणी आजी, कोणी आजोबा. आमच्यातल्या एकाच्या घरात कोणीच मेलेलं नाही, त्याने कुत्रा घातला."

तुझं सासरचं आडनाव तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी सांगू शकले असते की ती माझी धाकटी बहीण. नाही सांगितलं. लाज वाटली. मला, तुझी.

कुत्रा, नुआला. आपल्या आईच्या जागी गॉलवेतल्या कुठल्याशा पोराचा कुत्रा चादर दुमडत पडलाय, आणि तू त्याला वर टीप देत असशील की इथे शेपटीचा उल्लेख करा. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी आजवर ऐकून होते. ते असं वाटीत घालून वर्गभर वाटलेलं प्रथमच पाहिलं.

तू म्हणशील, सगळेच देतात, मी न दिला तर पोरं दुसऱ्याकडे जातील. म्हण. तू म्हणशील, माझी आई आहे, मी लिहीन. तेही म्हण, लिहायला माझी ना नाही. तू तुझ्या नावाने छापलं असतंस तर मी चार प्रती घेऊन गावभर दाखवत फिरले असते. पण तू आई लिहिली नाहीस, आईचा साचा केलास. आणि पोरांना शिकवलंस की आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या की झाला निबंध.

आता ऐक, खरा राग कशाचा ते. मी तिला म्हटलं, मरण बाजूला ठेव, तुझ्या घरातलं काहीतरी लिही. म्हणाली, आमच्या घरात काही घडत नाही. म्हटलं, तेच लिही. दोन दिवस घुम्यासारखी बसली. तिसऱ्या दिवशी एक पान आणलंन. ती संघात राखीव खेळाडू आहे, वर्षभर बाकावर बसून असते. प्रत्येक सामन्यानंतर आई सगळ्यांच्या जर्सी धुते आणि ती दोरीवर टाकते. चिखल, गवत, कधी रक्त, सगळ्यांचं सगळं तिला माहीत. फक्त बावीस नंबरची कधी मळलेलीच नसते. ती तिची. तरी आई ती इतरांबरोबर भिजवते, आणि दोघी एकमेकींना काही म्हणत नाहीत.

मी ते दोनदा वाचलं आणि तिला म्हटलं, "पोरी, हे मी कुठेच वाचलेलं नाही."

पहिल्यांदाच हसली. मग कामाला लागलो. कुठे नुसतंच 'खूप वाईट वाटलं' होतं तिथे मी विचारायचे, म्हणजे काय केलंस? ती म्हणाली, "चिमटे जास्त लावले." म्हटलं, मग तेच लिही. वाईट वाटलं ते काढ, चिमटे ठेव. पान दिवसागणिक सुधारत गेलं. स्वतःच स्वतःची वाक्यं खोडायला लागली. विशेषणं तर अशी वेचून टाकते जसे तांदळातले खडे.

आणि काल येऊन म्हणते, "मावशी, हे छान आहे, पण परीक्षेत मी आजीचंच लिहिणार. हॅनलीबाई म्हणतात, स्वतःचं लिहिणं ही श्रीमंतांची चैन आहे. बाकावर बसण्याला कोण मार्क देणार? कोणी मरतं तरी का यात?"

मी काय सांगू? कशाला जास्त मार्क पडतात मला खरंच माहीत नाही. मी परीक्षक नाही, तू तपासतेस पेपर. तिचं लिमरिक माझ्या शब्दावर पणाला लावायला सांगायचा मला काय अधिकार? मी एवढंच विचारलं, "हॅनलीबाईच म्हणाल्या की तुझं लिही, तर?"

"तर लिहीन," म्हणाली. क्षणाचाही विचार न करता. तुझ्यावर एवढा विश्वास आहे पोरीचा. मला त्याचाच संताप येतो, आणि त्यावरच सगळं अवलंबून आहे.

पाच जूनला पेपर आहे. ते पान सोबत पाठवतेय, तिला विचारून. खाली मजेलाचा फोन नंबर आहे. वाच, आणि तुला ते आजीपेक्षा कमी वाटलं तर फोन करू नकोस, मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. पण नाही वाटलं तर तिला फोन कर. तू शिकवायला लागलीस तेव्हा तुझ्यासारखं निबंध वाचणारं कोणी नव्हतं, हे मी विसरलेले नाही.

आणि तो कागद यापुढे कोणाला देऊ नकोस. आई गेल्यावर आत्म्याला वाट म्हणून खिडकी मी उघडली होती, ती तू त्या कागदात घेतलीस, ठीक आहे, घे. चिमटीही घे. पण शेवटी ते लिहिलंयस ना, जाताना तिने माझं नाव घेतलं, आणि तिथे रिकामी जागा सोडलीयस, 'आपले नाव घाला'. डर्व्हलाने डर्व्हला घातलंय. मी तिला विचारलं, कुत्र्याचा मुलगा काय करतो गं तिथे? म्हणाली, कुत्रा एकदाच भुंकतो.

ते तू मनाने रचलंस. आईने जाताना नाव घेतलं हे मी फोनवर कधी सांगितलं नव्हतं, तेव्हा तुला कळायचा प्रश्नच नाही. सहा महिने मी आईला भरवलं, न्हाऊ घातलं, म्हणून सांगवलं नाही. पण ती जागा रिकामी नव्हती, नुआला. माझा हात हातात घेऊन, माझ्याकडे बघत, ती "नुआला" म्हणाली.

मी ओ दिली.

ते तुझं आहे. वर्गात वाटू नकोस.

तुझी थोरली बहीण,
डीलिया