तोरडीच्या कडीची घरगुती दुरुस्ती

इंझोरी,
रविवार, जेवणानंतर

धम्मपालभाऊ यांना दौलतराव भाऊजीचा सप्रेम जयभीम.

तुमचा मोतीबिंदू काढलेला डोळा कसा आहे? थेंब वेळेवर टाकत जा. रुपाबाईचा गुडघा काय म्हणतो? संघदीपचं पोट सुधारलं, की अजून लग्नाच्या पंगतीत वांग्याच्या भाजीवर तुटून पडतो? आणि माहेरपणाला आलेली आमची भागिरथा कशी आहे? अनसिंगची हवा तिला फार मानवते, असं माझं जुनं मत आहे (आजवर बोलून दाखवलं नव्हतं, इतकंच).

फोन सोडून पत्र काहून, असं विचाराल. तुमच्या घरी फोन कोणाचाही वाजो, उचलते भागिरथा. म्हणून हे पाकीट गणेशच्या हाती पाठवतो आहे. गणेश म्हणजे आमच्या फाट्यावरचा वेल्डर. या प्रकरणात त्याचाही हात आहे, म्हणून मुकाट्यानं निघाला.

झालं असं. भागिरथेच्या पायातल्या चांदीच्या तोरड्यांपैकी एकीची कडी तुटली होती. माहेरी निघताना मला म्हणाली, "वाशिमच्या सोनाराले द्या. तुमी हात नका लावू. तुमी उघडलेला रेडू अजून पोत्यात आहे." हे मला लागलं. पंप, सायकल, शिलाई मशीन, सगळं मी आपल्या आपण शिकलो (रेडिओचं राहू द्या). मोबाईलवर एक पोरगा चांदीचे दागिने जोडून दाखवतो आणि दर वाक्याला "बहोत आसान है" म्हणतो. त्याचे अकरा व्हिडिओ पाहिले. शेवटचे दोन तर चष्मा लावून. सांध्याला टाकणखार लावायचा, चांदीचा बारीक तुकडा ठेवायचा आणि ज्योत दुरून फिरवायची. टाकणखार किराणा दुकानात मिळाला. ज्योतीची तेवढी पंचाईत होती. त्या पोराची ज्योत पेन्सिलीएवढी. आपल्याकडे होती ती गणेशची, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे हूक जोडणारी. तोरडी ठेवायला घरातली लोखंडी फोडणीची पळी घेतली.

गणेश म्हणाला, "काका, हे लई तापून राह्यलं." मी म्हणालो, "तू गप. पुढं काय सांगते ते पाहू दे." पुढं जाहिरात आली. दंतमंजनाची. ती बाई दात दाखवून राह्यली आणि मी ज्योत धरून उभा. पोरगा परत आला तेव्हा म्हणत होता, लाली दिसली की लगेच ज्योत काढा. मी खाली पाहिलं, तर तोरडी नव्हती. पळीत चांदीचं धिरडं होतं. गणेशनं बराच वेळ निरखलं आणि म्हणाला, "काका, आता कडी काही तुटलेली दिसत नाही."

धिरडं पळीतून निघेना. छिन्नी झाली, हातोडी झाली, चिंचेचं पाणी झालं. तिची पळी आणि तुमच्या आईची तोरडी यांची आता सोयरीक झाली आहे.

हसू नका भाऊ. खुरपणीला जाऊन जाऊन तुमच्या आईनं त्या तोरड्या केल्या होत्या. भागिरथा त्या फक्त बुद्धपौर्णिमेला घालते आणि दिवसभर मुद्दाम पाय आपटत चालते. नऊ दिवसांवर पौर्णिमा आली. यंदा आवाज एकाच पायातून येईल, याचं मला खरंच वाईट वाटते.

बाकी सगळं ठीक.

तुमचा भाऊजी,
दौलतराव

ता. क. : आईनं अगदी तशाच तोरड्या सून म्हणून रुपाबाईलाही दिल्या होत्या. त्यातली एक फडक्यात बांधून गणेशकडे द्या. वाशिमचा सोनार ती पाहून जोडीची घडवून देतो म्हणाला (पळी पाहून आधी पाणी प्याला). त्याला आठ दिवस लागतात. तोवर भागिरथेला ठेवून घ्या. कुरडया करायला लावा, नाही तर तुमचा डोळा दुखू द्या.

ता. क. दुसरा : आमची सूनबाई आत्ता सांगते की तिनं खिडकीतून आमचा सगळा उद्योग मोबाईलमध्ये घेतला आणि त्याच संध्याकाळी स्टेटसला टाकला. बासष्ट जणांनी पाहिला. पहिलं नाव भागिरथेचं आहे. याला तीन दिवस झाले आणि ती फोनवर माझ्याशी फक्त पाऊसपाण्याचं बोलून राह्यली. ती अशी गोड बोलली की मले भेव वाटते. तेव्हा तिच्या मनात काय आहे ते काढून घ्या आणि आजच्या आज उत्तर लिहा. गणेश थांबेल. त्याच्या गाडीवर मागची जागा रिकामी आहे, हे तेवढं तिच्यासमोर बोलू नका.